पाय वाचवून खुब्याची आणि पेल्विसची पुनर्रचना: रुग्ण आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाडांच्या गाठींच्या वॉर्डात मी बरीच वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. पेल्विसमधली (कंबरेखालच्या हाडांच्या घेरातली) किंवा खुब्यातली गाठ काढून तिथे धातूचा सांधा बसवण्याच्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पलंगाशेजारी उभं असताना जे प्रश्न कानावर येतात, तेच इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्न घरच्या माणसांच्या तोंडचे आहेत, कारण रुग्ण पहिले काही दिवस फारसा बोलत नाही. लोक विचारायला येतात ते त्या धातूच्या सांध्याबद्दल. पण सांधा बसवणं ही या कामातली शेवटची पायरी आहे. बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेणं) कुठे झाली आणि गाठ पूर्ण निघाली का, यावर निकाल बराचसा आधीच ठरलेला असतो. म्हणून या दोन गोष्टींवर मी जरा जास्त लिहिलं आहे.

पाय काढावा लागेल का?

हा प्रश्न बऱ्याचदा डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर येतो, हळू आवाजात. आज पेल्विसच्या आणि खुब्याच्या बहुतेक गाठींमध्ये पाय वाचवता येतो. पूर्वी तसं नव्हतं. थिओडोर बिलरोथ यांनी १८९१ साली कंबरेचं अर्धं हाड पायासकट काढण्याचं ऑपरेशन पहिल्यांदा केलं आणि तो रुग्ण दगावला. १८९५ मध्ये शार्ल जिरार यांचा रुग्ण वाचला. त्यानंतर कित्येक दशकं अशा गाठीवर मोठा उपाय म्हणजे तेच ऑपरेशन होतं. १९७० च्या दशकात केमोथेरपी रुळली. पुढे सीटी आणि एमआरआय आले, आणि गाठ नेमकी कुठवर पसरली आहे हे न उघडता दिसू लागलं. तेव्हा कुठे पाय जागेवर ठेवून गाठीपुरतं हाड काढणं शक्य झालं.

पाय ठेवायचा की नाही हे ठरवताना सर्जन तीन गोष्टी बघतात: खुब्याचा सांधा, मांडीच्या मागून खाली जाणारी सायटिक नस, आणि जांघेतून जाणारी मोठी रक्तवाहिनी व तिच्या सोबतची फिमोरल नस. यातली एक गाठीबरोबर काढावी लागली तरी पाय सहसा ठेवता येतो. दोन काढाव्या लागल्या तर मागे राहिलेला पाय कामाचा राहील का, हा प्रश्न उभा राहतो आणि पाय काढण्याची चर्चा सुरू होते. हा ढोबळ नियम आहे. रक्तवाहिनीच्या जागी दुसरी जोडता येते, त्यामुळे प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघतो.

पाय वाचावा म्हणून गाठीचा थोडा भाग मागे ठेवा, असं कुणीही डॉक्टरांना म्हणू नये. मागे राहिलेली गाठ परत वाढते, आणि दुसऱ्या वेळी पायही जातो आणि कधीकधी माणूसही.

म्हणजे हा जयपूर फूटसारखा कृत्रिम पाय असतो का?

नाही. जयपूर फूट पाय काढल्यानंतर बाहेरून लावतात. इथे पाय तुमचाच राहतो. त्याची त्वचा, बोटं, नसा सगळं तुमचं. आतलं गाठीचं हाड तेवढं काढून त्या जागी धातूचा भाग बसवतात आणि तो बाहेरून दिसत नाही.

पेल्विस म्हणजे नेमकं कुठलं हाड?

कंबरेखालचा हाडांचा घेर. कंबरेवर हात ठेवून उभं राहिलं की जे हाड हाताला लागतं तो त्याचा वरचा पंखा, समोर जननेंद्रियाच्या वर लागतं ते पुढचं हाड, बसल्यावर पाटाला टेकतं ते खालचं. तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात फिरतो. हाच खुब्याचा सांधा.

एनेकिंग आणि डनहॅम यांनी १९७८ साली गाठीच्या जागेनुसार केलेले प्रकार आजही तुमच्या फाइलवर दिसतील. टाइप एक म्हणजे वरचा पंखा, टाइप दोन म्हणजे वाटीचा भाग, टाइप तीन म्हणजे पुढचं-खालचं हाड, आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी सामील असेल तर टाइप चार. टाइप तीनमध्ये हाड काढल्यावर बहुधा काहीच बसवावं लागत नाही, माणूस चांगला चालतो. खरी अडचण टाइप दोनची, कारण वाटी गेली की मांडीचं हाड टेकायला जागाच उरत नाही. कस्टम इम्प्लांटची, म्हणजे त्या रुग्णाच्याच मापाने बनवलेल्या धातूच्या भागाची, गरज मुख्यतः इथे पडते.

सहा महिने दुखत होतं, मग निदान इतक्या उशिरा का झालं?

कारण पेल्विस खोल आहे. हाताच्या किंवा गुडघ्याच्या हाडाला गाठ आली तर ती वर दिसते. पेल्विसची गाठ आतल्या बाजूला, पोटाकडे वाढते आणि नारळाएवढी झाली तरी बाहेरून काही कळत नाही. एक्स-रेवर आतड्यातला वायू आडवा येतो. दुखणं मांडीत किंवा गुडघ्यात उतरतं, म्हणून कुणी ‘गादी सरकली’ म्हणतं, कुणी संधिवात म्हणतं, कुणी लचक काढणाऱ्याकडे नेतं. यात घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

पण एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. झोपेतून जागं करणारं, विश्रांतीनेही न थांबणारं आणि आठवड्यागणिक वाढत जाणारं दुखणं असेल तर मालीश थांबवा आणि पेल्विसचा एमआरआय करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. फक्त मणक्याचा एमआरआय काढून ‘काही नाही’ म्हणून घरी गेलेले आणि वर्षाने परत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

गाठ कुठल्या प्रकारची असते? सगळ्यांना सारखेच उपचार का नाहीत?

पेल्विसमध्ये मोठ्या माणसांत सुरू होणारी नेहमीची गाठ म्हणजे कॉन्ड्रोसार्कोमा, कूर्चेपासून होणारी. तिच्यावर केमो आणि रेडिएशनचा शेक फारसा चालत नाही, म्हणून ऑपरेशन हाच खरा उपाय. मुलांत आणि तरुणांत युइंग सार्कोमा दिसतो. त्यावर केमो आणि शेक दोन्ही चालतात, आणि कधी ऑपरेशनऐवजी शेकच निवडला जातो. ऑस्टिओसार्कोमात आधी केमो, मग ऑपरेशन. जायंट सेल ट्यूमर बहुधा कॅन्सर नसतो, पण हाड खाऊन टाकतो.

वय झालेल्या माणसात मात्र आधी शंका दुसऱ्या ठिकाणच्या कॅन्सरची घ्यावी लागते. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा कॅन्सर हाडात उतरलेला असू शकतो. तिथे अर्धी पेल्विस काढायची गरज क्वचितच असते. पिना, सिमेंट आणि साधा कृत्रिम खुबा वापरून माणसाला लवकर चालतं करणं, दुखणं थांबवणं हा हेतू असतो. शेजारच्या खाटेवरच्याला जे केलं तेच आपल्याला का नाही, याचं उत्तर बहुधा इथे असतं.

बायोप्सी तर सुईचीच आहे. गावाजवळच करून घेतली तर चालेल ना?

कृपा करून असं करू नका. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

सुई किंवा चीर ज्या वाटेने गाठीपर्यंत जाते, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडलेल्या असू शकतात. म्हणून मुख्य ऑपरेशनच्या वेळी ती सगळी वाट, त्वचेसकट, गाठीबरोबर काढून टाकतात. वाट सर्जनच्या चिरेच्या रेषेत असेल तर काही बिघडत नाही. ती भलतीकडून, म्हणजे कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूतून किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीजवळून गेली असेल तर जे स्नायू आणि जी त्वचा इम्प्लांट झाकायला हवी होती, तीच काढावी लागते. ‘जिथे ऑपरेशन, तिथेच बायोप्सी’ हा नियम त्यासाठी आहे. अमेरिकेत हेन्री मॅनकिन यांनी १९८२ आणि पुन्हा १९९६ साली बायोप्सीतल्या चुकांची पाहणी केली. मधल्या चौदा वर्षांत परिस्थिती सुधारली नव्हती, आणि चुकीच्या बायोप्सीमुळे काहींचे पाय विनाकारण काढावे लागल्याचं दोन्ही वेळा दिसलं.

एक तरुण मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एका खासगी रुग्णालयात गळू समजून त्याच्या कुल्ल्यावर आडवी चीर घेतली होती, चांगली वीतभर लांब, आणि आत नळी ठेवून ती बाजूच्या दुसऱ्या छिद्रातून बाहेर काढली होती. आमच्याकडे आला तेव्हा टाके नीट भरलेले होते, घरचे त्याबद्दल समाधानी होते. सर्जननी त्या वणावर आणि नळीच्या छिद्रावर बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याचा पाय वाचला, पण कुल्ल्याचा बहुतेक स्नायू गेला आणि जखम झाकायला दुसरीकडून मांस आणावं लागलं. गाठीने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या चिरेने केलं.

बायोप्सी आधीच झाली असेल तर घाबरून जाऊ नका, पण त्या ऑपरेशनचे कागद, काचेच्या स्लाइड्स आणि ब्लॉक्स मागून सोबत घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो तुमचा आहे, मागायचा संकोच करू नका.

हाड काढल्यावर त्या पोकळीचं काय करतात?

यात एकच बरोबर उत्तर नाही, आणि कस्टम इम्प्लांट हे सगळ्यांसाठी सर्वांत चांगलं असंही नाही.

काही वेळा काहीच बसवत नाहीत. मांडीचं हाड वर सरकतं आणि उरलेल्या हाडाला व्रणाच्या मांसाने धरून राहतं. पाय काही सेंटिमीटर आखूड होतो, बुटाला जाड तळ लावावा लागतो, पण आत धातू नसल्याने जंतुसंसर्गाचा धोका कमी. हिप ट्रान्सपोझिशन या पद्धतीत मांडीचा गोळा जाळीच्या नळीत घालून वर उरलेल्या हाडाला बांधतात. तरुण, काटक मुलं यावर छान चालताना मी पाहिली आहेत. दुसरा मार्ग रुग्णाचंच हाड परत वापरण्याचा आहे. हाड बाहेर काढतात, त्यावरची गाठ खरवडतात, मग त्याला एकाच वेळी मोठा शेक देतात, साधारण ५० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), किंवा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात, आणि पेशी मेल्यावर तेच हाड जागेवर बसवतात. माप तंतोतंत जुळतं आणि खर्च कमी, म्हणून आपल्याकडे ही पद्धत फार कामाची आहे. मात्र हाड गाठीने पोखरलेलं असेल तर ते भार घेणार नाही.

धातूचे सांधे आले ते टप्प्याटप्प्याने. गाठ काढलेल्या हाडाच्या जागी धातू बसवण्याची सुरुवात मांडीच्या हाडापासून झाली. १९४० साली अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरल्ड बोलमन यांनी एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून धातूचा बसवला. पेल्विससाठी १९७० च्या दशकाअखेरीस जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये घोड्याच्या खोगिरासारखा सांधा तयार झाला, उरलेल्या हाडाच्या खाचेवर बसणारा. तो वर सरकत जायचा, निसटायचा. नंतर आइस्क्रीमच्या कोनसारखा आला, ज्याचं टोक उरलेल्या पंख्याच्या जाड हाडात रुततं. तो अजूनही वापरतात आणि तयार मिळतो. कस्टम इम्प्लांट ही त्याच्या पुढची पायरी आहे.

कस्टम इम्प्लांट बनतं कसं?

आधी पेल्विसचा बारीक कापांचा सीटी, सहसा एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. हाडाच्या पोकळीत गाठ कुठवर शिरली आहे हे एमआरआय सांगतो. दोन्ही एकमेकांवर ठेवून संगणकात तुमची पेल्विस उभी करतात, आणि सर्जन व इंजिनिअर मिळून कुठे कापायचं त्या रेषा ठरवतात. निरोगी बाजू आरशातल्यासारखी उलटी करून गाठीच्या बाजूवर ठेवली की वाटी कुठे आणि किती तिरपी हवी ते कळतं. स्क्रू कुठून जाणार, किती लांब लागणार, हेही तिथेच ठरतं.

मग टायटॅनियमच्या मिश्रधातूची पूड अंथरून लेसरने किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने वितळवत थरावर थर चढवतात. एकेक थर कागदाहूनही पातळ असतो. हाडाला टेकणारी बाजू मुद्दाम जाळीदार ठेवतात, इडलीच्या पोटासारखी, म्हणजे हाड त्या भोकांत वाढून इम्प्लांटला धरतं. बरोबरच प्लास्टिकचे कापायचे साचे तयार होतात. सर्जन त्यांना जिग म्हणतात. जिग हाडावर एकाच ठिकाणी घट्ट बसते आणि करवत तिच्या फटीतूनच चालते. जिग नसेल तर सुंदर इम्प्लांट असूनही उपयोग नाही, कारण काप दोन-तीन मिलिमीटर चुकला तरी ते बसत नाही.

ऑपरेशनच्या आधी रुग्णाच्या पेल्विसची प्लास्टिकची प्रतिकृतीही करतात. जालन्याकडचे एक शेतकरी काका होते, पन्नाशीतले. सर्जननी ती प्रतिकृती त्यांच्या हातात दिली आणि गाठीचा भाग काढून बाजूला ठेवला. काकांनी ती उलटीपालटी केली, वाटीच्या जागी पडलेल्या खिंडारात अंगठा घातला आणि बायकोला म्हणाले, “एवढं जाणार.” मग धातूचा तुकडा तिथे बसवून दाखवला. त्याआधी महिनाभर डॉक्टर बोलत होते ते त्या दहा मिनिटांत दोघांना समजलं. तुमच्या बाबतीत प्रतिकृती केली असेल तर ती बघायला मागा.

इम्प्लांट तयार व्हायला किती वेळ लागतो? तोवर गाठ वाढली तर?

मापं घेण्यापासून हातात येईपर्यंत काही आठवडे लागतात, साधारण तीन ते सहा, कधी जास्त. आणि हो, तोवर गाठ वाढू शकते. कस्टम इम्प्लांटची ही सगळ्यात मोठी कमजोरी आहे. ज्या दिवशीच्या सीटीवर माप घेतलं त्या दिवसाच्या गाठीसाठी ते बनलेलं असतं. गाठ पुढे सरकली तर काप पुढे घ्यावा लागतो, आणि मग तेच इम्प्लांट अपुरं पडतं.

म्हणून वेळेचं गणित नीट बसवावं लागतं. युइंग सार्कोमात ऑपरेशनआधी साधारण तीन महिने केमो चालते, त्यामुळे त्या काळात इम्प्लांट बनवता येतं. कॉन्ड्रोसार्कोमात केमोचा आधार नाही, पण कमी ग्रेडची गाठ हळू वाढते. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत सर्जन कस्टमचा नाद सोडून तयार मिळणारं इम्प्लांट किंवा बिनधातूची पद्धत निवडतील, आणि ते बरोबरच असेल. ऑपरेशनच्या आधी एमआरआय पुन्हा करणार का, आणि इम्प्लांट बसलं नाही तर दुसरी तयारी काय, हे दोन प्रश्न आधीच विचारून ठेवा.

तुमच्या बाजूने उशीर होऊ देऊ नका. मुहूर्त, लग्नघर, पेरणी यासाठी तारीख पुढे ढकलल्यावर आठवड्यांनी काय होतं ते मी पाहिलं आहे.

ऑपरेशन किती मोठं असतं?

खूप मोठं. सहा ते बारा तास लागतात, रक्त बरंच जातं, त्यामुळे रक्तदाते आधीच तयार ठेवायला सांगतात. काही गाठींमध्ये आदल्या दिवशी गाठीला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या आतून बंद करतात. नंतर एक-दोन दिवस आयसीयू. मूत्राशय, आतडं, मोठ्या नसा सगळं हाताशी असल्यामुळे अनेकदा इतर शाखांचे सर्जनही सोबत असतात.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

जंतुसंसर्ग. साध्या खुबा-बदलाच्या ऑपरेशनमध्ये तो शंभरात एखाद-दोघांना होतो. पेल्विसच्या पुनर्रचनेत वेगवेगळ्या केंद्रांच्या अहवालांत हे प्रमाण साधारण १० ते ३० टक्क्यांच्या घरात आहे. जखम मोठी, आतली पोकळी मोठी, आतडं जवळ, केमोने प्रतिकारशक्ती कमी, आणि झाकायला स्नायू थोडे. इम्प्लांट कितीही महागडं असलं तरी हा आकडा फार खाली येत नाही. काही ठिकाणी चांदीचा किंवा आयोडीनचा मुलामा वापरतात, त्याचा उपयोग होतो, पण खात्री देता येत नाही.

तुमच्या हातात बरंच काही आहे. ऑपरेशनआधी किडलेले दात दाखवा, लघवीचा संसर्ग आणि अंगावरची गळवं बरी करून घ्या, साखर ताब्यात आणा, तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद करा. घरी गेल्यावर जखमेतून ओल दिसली, चादरीवर डाग पडला, थंडी वाजून ताप आला तर गावातल्या डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन वाट बघत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. पहिल्या काही दिवसांत उघडून धुतलं तर इम्प्लांट वाचण्याची शक्यता असते, महिनाभर गोळ्यांखाली दबलेला संसर्ग धातूवर थर धरून बसतो. आणि त्या बाजूच्या कुल्ल्यात पुढे कधीही इंजेक्शन घेऊ नका. नर्सला आधीच सांगा, दंडात द्या म्हणून.

दुसरा धोका गोळा वाटीतून निसटण्याचा. स्नायू कमी झालेले असतात, त्यामुळे तो साध्या खुब्यापेक्षा जास्त. दुहेरी फिरणारी वाटी वापरली तर कमी होतो.

मांडी घालून बसता येईल का?

नाही. उकिडवं बसणंही नाही. मला माहीत आहे, हे ऐकताना काय वाटतं. पंगत, देवपूजा, शेतातली खुरपणी, चुलीपुढचा स्वयंपाक, माहेरी गेल्यावर आईसमोर जमिनीवर बसून गप्पा, सगळं यात आलं. एका आजींनी ऑपरेशनला होकार देताना एवढंच विचारलं होतं की सत्यनारायणाला पाटावर कशी बसू. खुर्चीवर बसून पूजा केली तर देवाला चालतं, हे त्यांच्या सुनेनेच त्यांना पटवलं.

खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पाय पायावर टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. म्हणून डिस्चार्जच्या आधी घरात या गोष्टी करून ठेवा. कमोड किंवा कमोडची खुर्ची. गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडी उंच, हात असलेली खुर्ची. पलंग बुटका असेल तर पायांखाली विटा. न्हाणीघरात धरायला पक्का दांडा, आणि बसून आंघोळीला प्लास्टिकचं उंच स्टूल. मोजे आणि चप्पल दुसऱ्याने घालून द्यायची. पहिले महिने रिक्षा किंवा उंच गाडीत बसा, आधी पाठमोरं टेकून, मग दोन्ही पाय एकत्र आत. स्कूटरच्या मागे एका बाजूला पाय करून बसणं पूर्ण बंद.

लंगडणं जाईल का? काठी कुठल्या हातात धरायची?

थोडं लंगडणं बहुतेकांचं राहतं. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू एका पायावर उभं असताना कंबर सपाट धरतात. ते गाठीबरोबर कापले गेले किंवा त्यांची पकड सुटली तर कंबर दुसऱ्या बाजूला कलते. व्यायामाने सुधारणा होते, पण जे स्नायू नाहीत ते व्यायामाने येत नाहीत. हे मी स्पष्ट सांगते, कारण वर्षभर घाम गाळून लंगडणं राहिलं की लोक स्वतःला दोष देतात.

काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. जवळजवळ प्रत्येक जण दुखऱ्या बाजूलाच धरतो आणि प्रत्येकाला बदलायला लावावी लागते. चालताना एका पायावर भार आला की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट दाब पडतो. विरुद्ध हातातली काठी तो बराच कमी करते, कारण ती दूरवरून टेकू देते. भाजीची पिशवी मात्र ऑपरेशनच्या बाजूच्या हातात धरा. आपल्याला उलट वाटतं, पण करून बघा, लगेच जाणवेल.

पूर्ण भार कधी टाकायचा हे सर्जन सांगतील, बऱ्याचदा सहा ते बारा आठवड्यांनी. तोवर वॉकर किंवा कुबड्या. घोटा वर-खाली करणं आणि मांडी आवळून धरणं हे मात्र शुद्धीवर आल्या दिवसापासून, दर तासाला. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

लहान मुलांना असं इम्प्लांट बसवतात का?

शक्यतो टाळतात. हाडं वाढायची असतात, धातू वाढत नाही. मुलांत हिप ट्रान्सपोझिशन किंवा त्यांचंच हाड शेक देऊन परत बसवणं जास्त होतं, आणि पायाच्या लांबीतला फरक पुढे वेगळा हाताळतात.

कॅन्सर नाही, पण आधी बदललेला खुबा सैल होऊन हाड झिजलं आहे. हेच उपचार?

तंत्र तेच, वाट सोपी. वारंवार बदललेल्या खुब्यात वाटीचं हाड इतकं झिजतं की पेल्विसचा वरचा आणि खालचा भाग सुटा होतो. तिथे तीन पाकळ्यांची कस्टम वाटी वापरतात, जी तिन्ही हाडांना स्क्रूने धरते. गाठ नसल्यामुळे स्नायू आणि नसा शाबूत असतात, आणि घाई नसते. त्यामुळे निकालही बरे. मात्र आधी आत छुपा जंतुसंसर्ग नाही ना, याची सांध्यातलं पाणी काढून तपासणी झालीच पाहिजे.

खर्चाचं काय?

कस्टम इम्प्लांटचा खर्च लाखांत जातो, आणि त्यावर ऑपरेशन, रक्त, आयसीयू वेगळे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पण योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये असं इम्प्लांट बसेलच असं धरून चालू नका. रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात भेटा, पैसे संपल्यावर नको. मुख्यमंत्री सहायता निधी, विश्वस्त संस्था, रेल्वेची कॅन्सर रुग्णांसाठीची सवलत, सगळ्याचे कागद त्यांच्याकडून होतात. पुढे अपंगत्वाचा दाखलाही काढून घ्या, तो घेण्यात कमीपणा नाही.

शेत विकून कस्टम इम्प्लांटच हवं, असा हट्ट नको. बिनधातूच्या पद्धतीनेही माणसं चालतात, आणि गाठ निघण्याच्या दृष्टीने दोन्हीत फरक नाही.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला यायचं असेल तर राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे चौकशी करा. गर्दी असते, म्हणून रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन लवकर जा.

लग्न, मूल?

दोन्ही होऊ शकतं. केमो मिळणार असेल तर ती सुरू होण्याआधी शुक्राणू किंवा बीजांड जपून ठेवण्याबद्दल विचारा. लाजेपोटी हा प्रश्न राहून जातो आणि केमो सुरू झाल्यावर उशीर झालेला असतो. बाळंतपणात बहुधा सिझेरियन करावं लागतं. शरीरसंबंधांबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. खुब्याला सुरक्षित स्थिती कोणत्या, ते फिजिओला विचारा, आम्हाला त्यात संकोच नसतो.

नंतर एमआरआय करता येतो का?

टायटॅनियम चुंबकाला खेचलं जात नाही, त्यामुळे करता येतो, फक्त धातूच्या आसपासचं चित्र अस्पष्ट येतं. तंत्रज्ञाला आधी सांगा. विमानतळावर यंत्र वाजू शकतं, डिस्चार्ज कार्डचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

पाच वर्षं झाली, आता तपासणीला येणं थांबवू का?

नाही. पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि पुढे वर्षातून एकदा तरी. कॉन्ड्रोसार्कोमा दहा वर्षांनीही परत आलेला दिसतो. पेल्विसच्या एक्स-रेबरोबर छातीची तपासणीही होते, कारण ही गाठ पसरते ती आधी फुप्फुसात, आणि तिथला एखादा ठिपका लवकर सापडला तर काढता येतो. स्क्रू सैल होतोय का, हे तुम्हाला दुखायच्या आधी एक्स-रेवर कळतं. येताना जुने सगळे एक्स-रे आणि सीटीच्या सीडी घेऊन या, कारण डॉक्टर नवा फोटो जुन्याशेजारी लावूनच बघतात.